शून्य ते चाळीस अंश

मे महिन्यात मामाचा फोन आला की मी जरा सावधच असतो. एक तर आंबे, नाही तर तक्रार. २०१९ साली तक्रार निघाली.

"काऊन रे, तुमचं ते नेट उन्हाचं झोपते अन् सांजीले उठते. आमच्यापेक्षा शायनं हाय ते."

माझं आजोळ उंद्री. बुलडाणा जिल्ह्यातलं, चिखलीहून खामगावला जाताना रस्त्यावर लागतं. कागदोपत्री उदयनगर असंही नाव आहे, पण आजोळाला कोणी कागदोपत्री नावाने हाक मारत नाही. तर उंद्री आणि आसपासच्या गावांना बिनतारी इंटरनेट देण्याचं काम तेव्हा मी ज्या छोट्या कंपनीत होतो तिने घेतलं होतं. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८मध्ये, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा बराच मोठा भाग सरकारने परवानामुक्त केला होता, आणि आमच्यासारख्या चिल्लर लोकांनाही एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर नेट फेकणं परवडू लागलं होतं. डिसेंबरात टॉवर उभे राहिले, नारळ फुटले, जानेवारीत नेट सुसाट. मामा खूष. मार्च संपेपर्यंत.

मामाच्या त्या वाक्यावर मी तेव्हा नुसता हसलो. आता वाटतं, इतकं अचूक निदान आमच्या कंपनीतल्या एकालाही जमलं नव्हतं. नेट दुपारी बाराच्या सुमारास जायचं आणि पाच-साडेपाचला आपोआप यायचं. तक्रार नोंदवली जायची. टेक्निशियन पोरगा मोटारसायकलवर निघायचा, तीन ठिकाणं करत करत उंद्रीला संध्याकाळी पोचायचा. पाहतो तर सगळं चालू! "साइट ओके" असं लिहून तो परत. तक्रार बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. त्या एका महिन्यात अशा अकरा तक्रारी "सोडवल्या" गेल्या.

शेवटी मी स्वतः गेलो, आणि मुद्दाम दुपारी तीनला जाऊन उभा राहिलो. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला. टॉवरच्या पायाशी राखाडी रंगाची पत्र्याची पेटी, दाराचं तोंड पश्चिमेला. दार उघडलं तर आतून भट्टीचा झोत आल्यासारखी हवा आली. आत थर्मामीटर ठेवला, दार लावलं, वीस मिनिटांनी पाहिलं. ६३ अंश. आणि त्या ६३ अंशांत एक पांढराशुभ्र, देखणा, प्लॅस्टिकच्या अंगाचा ऑफिसातला स्विच निपचित पडला होता. त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर बारीक अक्षरात लिहिलं होतं : चालण्याचं तापमान शून्य ते चाळीस अंश.

(नेटवर्कशी संबंध नसलेल्यांसाठी : स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. टॉवरवरचे रेडिओ, खालून येणारी फायबर, कॅमेरा, असं सगळं ज्यात येऊन जोडलं जातं आणि जो कोणाची माहिती कोणाकडे पाठवायची ते ठरवतो, तो डबा म्हणजे स्विच. एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरसारखा. तो झोपला की गाड्या असून उपयोग नाही.)

आता, तो स्विच कोणी निवडला? मी. म्हणजे एक्सेलची शीट दुसऱ्याने केली होती, पण खाली सही माझी होती. शीट फार सुंदर होती. वीस टॉवर. साधा स्विच अठराशे रुपये, एकूण छत्तीस हजार. उघड्यावर टिकणारा, औद्योगिक वापराचा दणकट स्विच तेव्हा सोळा हजारांना मिळत होता, म्हणजे एकूण तीन लाख वीस हजार. बचत दोन लाख चौऱ्याऐंशी हजार. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या नाहीत इतकंच. एकाने विचारलंही होतं, "उन्हाचं काय?" त्यावर मीच उत्तर दिलं, "पेटीत आहे ना, ऊन कुठे लागतंय!" हे वाक्य आठवलं की आजही कान तापतात.

म्हणून हा लेख. सात वर्षांनी का होईना, त्या शीटशी मला भांडायचं आहे.

पहिलं भांडण "पेटीत आहे ना" याच्याशी. हवामान खातं जे पंचेचाळीस अंश सांगतं ते सावलीतलं, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या लाकडी खोक्यातलं तापमान असतं. आपली पेटी उन्हात उभी असते आणि बंद असते. साठ बाय ऐंशी सेंटिमीटरचं दार धरा. पश्चिमेकडे तोंड असेल तर दुपारी तीन-चारला त्यावर चौरस मीटरमागे पाचशे-सहाशे वॅट ऊन सहज पडतं. राखाडी रंग त्यातला दोन-तृतीयांश तरी गिळतो. हिशोब केला तर पावणेदोनशे वॅट होतात. आतली सगळी उपकरणं मिळून चाळीस वॅटची! म्हणजे पेटी गरम होते ती आतल्या यंत्रांमुळे नाही, रंगामुळे आणि तोंडामुळे. पांढरा रंग, उत्तरेकडे तोंड आणि पेटीच्या वर-बाजूंना दोन इंच फट ठेवून बसवलेला सावलीचा पत्रा, एवढ्याने दहा-बारा अंश उतरतात. हा शोध मी लावलेला नाही. आपल्याकडे माठसुद्धा कोणी पश्चिमेच्या भिंतीला उन्हात ठेवत नाही.

पण दहा-बारा अंश उतरले तरी पन्नास उरतातच. आणि शून्य ते चाळीसवाल्याला पन्नासही जास्तच.

तुम्ही म्हणाल, स्टिकरवर चाळीस लिहिलंय म्हणून एक्केचाळीसला लगेच मरतो की काय? नाही ना, आणि हीच तर गोची आहे. तो मरत नाही, म्हातारा होतो. स्विचच्या वीजपुरवठ्याच्या भागात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, छोट्या डब्यांसारखे, आत ओलसर रसायन. उष्णतेने ते हळूहळू वाळतं. स्वस्त कपॅसिटरवर लिहिलेलं असतं : ८५ अंश, २००० तास. ढोबळ नियम असा की दर दहा अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. म्हणजे ६५ अंशांत चौपट, ८००० तास. दिवसाचे चोवीस तास धरले तर अकरा महिने! रात्री पेटी थंड होते, हिवाळा असतो, म्हणून थोडं जास्त ताणतं. पण कपॅसिटर स्वतःच्या कामानेही थोडा तापतो, म्हणून थोडं कमीही होतं. १०५ अंशांचा, तेवढ्याच तासांचा कपॅसिटर लावला असता तर तेच आयुष्य ३२,००० तास, साडेतीन वर्षांच्या वर. या दोन कपॅसिटरांच्या किमतीत फरक किती? काही रुपयांचा. दणकट स्विचच्या सोळा हजारांत जे पैसे जातात त्यातले काही असल्या डब्यांना जातात, काही पंख्याऐवजी अख्खं अंगच उष्णता बाहेर टाकेल अशा ॲल्युमिनियमच्या धातूला, आणि काही तो भट्टीत घालून तपासण्याला.

पंख्याचं नाव निघालंच आहे तर... आमच्यातल्या एका हुशाराने उपाय सुचवला, पेटीला पंखा बसवू. बसवला. कापसाच्या हंगामात खामगावच्या बाजूने कापूस भरलेल्या गाड्या जाताना कधी पाहिल्यात? झाडाझुडपांना पांढरी बोंडं लागल्यासारखी दिसतात. ती रुई, वैशाखातल्या वावटळीची धूळ आणि पंख्याचं वंगण यांची जी लापशी होते ती चार महिन्यांत पंखा धरून ठेवते. नंतर पंख्याचं भोक पालींना उपयोगी पडतं. एका पेटीत पाल दोन टर्मिनलांच्या मध्ये चिकटून वाळलेली मिळाली. तिने मरताना इन्व्हर्टरही सोबत नेला होता. एसी बसवा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतच नाही. ज्या वेळी लाइट जाते त्याच वेळी ऊन सगळ्यात जास्त असतं, एवढं सांगून गप्प बसतो.

दुसरं भांडण सरासरीशी. आमच्या कंपनीच्या वार्षिक अहवालात उंद्रीची उपलब्धता ९५.७ टक्के दाखवली होती. हिशोब बरोबर होता, म्हणजे खोटेपणा नव्हता. दिवसाला पाच तास, पंच्याहत्तर दिवस, ३७५ तास बंद. वर्षाचे तास ८७६०. वजा केले की ९५.७. शाळेत याला पहिला वर्ग मिळतो. पण ते पाच तास कोणते? दुपारी बारा ते पाच. आपले सरकार सेवा केंद्र उघडं असतं ते तास. बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर म्हातारी अंगठा लावायला येते ते तास. जूनमध्ये दहावी-बारावीच्या निकालानंतर पोरं दाखल्यांसाठी रांग लावतात ते तास. रात्री दोनला मात्र नेट असं पळायचं की विचारू नका. गावातली पोरं पिक्चर पाहायला मोकळी, आणि ज्याला जातीचा दाखला काढायचा त्याने सत्तर रुपये खर्चून चिखलीला जायचं. एक दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. ही रक्कम आमच्या शीटमध्ये कुठल्या रकान्यात होती? रकानाच नव्हता.

आमचाच रकाना घ्या की. पुढच्या तीन वर्षांत उंद्रीच्या त्या एका पेटीत सहा स्विच गेले. प्रत्येकी अठराशे, अधिक प्रत्येक फेरीचं पेट्रोल आणि मजुरी धरून पंधराशे. एकोणीस हजार आठशे रुपये. सोळा हजार महाग वाटले होते आम्हाला.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं : "दोन स्वस्त घे, एक कपाटात ठेव." जिथे कपाटाशेजारी माणूस बसलेला असतो तिथे हे उत्तर बरोबर आहे, मी स्वतः तेच सांगतो. चिखलीत एखाद्या ऑफिसात, स्लॅबखाली, पंख्याच्या वाऱ्यात साधा स्विच सात-आठ वर्षं आरामात चालतो. तिथे दणकट स्विच लावणं म्हणजे घरात गमबूट घालून फिरणं. पण टॉवरवर गोष्ट वेगळी. उन्हाने जे बिघडतं ते एकाच आठवड्यात सगळीकडे बिघडतं. वीस टॉवर, एक कपाट, दोन पोरं आणि एक मोटारसायकल. त्या मे महिन्यात एकाच आठवड्यात सात गावं बंद होती.

आणि आता तिसरं भांडण, जे मी इतकी वर्षं टाळत आलोय.

उंद्रीची पेटी खाली होती. पण पुढच्या एका गावात केबलचा खर्च वाचवायला आम्ही स्विच वर चढवला होता, तीस मीटरच्या टॉवरवर, रेडिओंच्या शेजारी. वरून सगळ्यांना छोट्या केबल, खाली फक्त एक. कागदावर फार हुशारीचं. जून २०१९चा पहिला आठवडा. पाऊस अजून लागला नव्हता, पण संध्याकाळी ढग यायचे. तो स्विच बंद पडला. फोनवर फोन. मी पोराला म्हणालो, "बघ ना जरा, पंधरा मिनिटांचं तर काम आहे." तो चढला. वर असतानाच गडगडायला लागलं. तो अर्ध्यावर उतरला होता तेव्हा शेजारच्या शेतातल्या कडुलिंबावर वीज पडली. टॉवरवर नाही, कडुलिंबावर. तो खाली आला, पायऱ्यांपाशी बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने मला फोन केला तो नोकरी सोडतो हे सांगायला. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. "सर, घरी एकटा कमावणारा हाय," एवढंच म्हणाला.

अठराशे रुपयांचा स्विच बदलायला मी त्याला वर पाठवला होता.

म्हणून निवडीचा माझा पहिला प्रश्न आता तापमानाचा नसतोच. हा बिघडला तर त्याला हात लावायला माणसाने कुठे उभं राहायचं? जमिनीवर उभं राहून हात पोचत नसेल तर तो स्विच कितीही दणकट असो, जागा चुकलेली आहे. स्विच खाली ठेवा. वर रेडिओपर्यंत शक्य तिथे फायबर न्या आणि वीज वेगळ्या जोडीने न्या. खर्च थोडा वाढतो. वाढू द्या.

विजेवरून आणखी एक. आपल्या भागातली काळी माती. पावसाळ्यात तिच्यासारखं अर्थिंग नाही, पाणी धरून ठेवते. पण एप्रिल-मेमध्ये तीच माती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या पाइपभोवतीही फट पडते. पाइप मातीत उभा दिसतो, पण मातीला नीट टेकलेला नसतो. आणि विजांचा कडकडाट नेमका कधी? पहिला पाऊस पडण्याआधीच्या त्या पंधरवड्यात! आमच्या सगळ्या तपासण्या डिसेंबरात झालेल्या, माती ओली असताना. रिपोर्ट झकास. मे महिन्यात अर्थ टेस्टर लावून पाहणारा माणूस मला त्या सगळ्या वर्षांत एकच भेटला, आणि तो वीज मंडळातून निवृत्त झालेला होता. त्याचा उपाय साधा होता : अक्षय्य तृतीयेपासून दर आठवड्याला अर्थिंगच्या खड्ड्यात चार घागरी पाणी. देवाला घालतो तसं, म्हणाला.

दणकट स्विचच्या पोर्टवर साधारण चार-सहा हजार व्होल्टच्या सर्जची चाचणी झालेली असते. आयईसी ६१०००-४-५ असा तिचा क्रमांक डेटाशीटवर शोधा. ऑफिसवाल्याची चाचणी त्याच्या बरीच खाली संपते. पण हेही लक्षात ठेवा की सर्ज कुठेतरी उतरवावा लागतो, आणि अर्थिंग कोरडं असेल तर दणकट स्विचसुद्धा त्याला गिळू शकत नाही. थेट वीज पडली तर काहीच वाचत नाही. जो विक्रेता वाचेल म्हणतो त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

विक्रेत्यांवरही थोडं बोलायला हवं, नाही तर वाटेल मी त्यांचीच बाजू घेऊन आलोय. "इंडस्ट्रियल" हा शब्द आता डब्यावर कोणीही छापतं. काळा रंग, बाजूला चार पट्ट्या, की झाला इंडस्ट्रियल! डेटाशीटमध्ये "उणे ४० ते ७५" लिहिलेलं असतं आणि लोक उणे चाळीसवर हसतात, "उंद्रीत बर्फ पडणार काय?" हसा, पण ७५च्या शेजारी चांदणी आहे का तेवढी बघा. चांदणीची तळटीप बहुधा सांगते की हे तापमान केबलमधून रेडिओंना वीज न देता, किंवा अर्धीच देऊन मोजलंय. टॉवरवर तर आपल्याला सगळे रेडिओ त्याच केबलमधून चालवायचे असतात. आठ पोर्ट, प्रत्येकी तीस वॅट, असं मोठ्या अक्षरात. आणि सगळ्यांना मिळून १२० वॅट, असं बारीक अक्षरात. म्हणजे जेवायला आठ पानं मांडली, भात चौघांचाच.

बॅटरीचं गणित याहून बारीक. ४८ व्होल्टची बॅटरी भरलेली असताना ५४च्या आसपास असते आणि उतरत उतरत ४४पर्यंत येते. तीस वॅटच्या मानकात मात्र स्विचने पोर्टवर किमान ५० व्होल्ट द्यायचे असतात. स्विचमध्ये दाब चढवून देणारी सोय नसेल तर बॅटरीत जीव असतानाच रेडिओ मान टाकतात. लाइट सहा तास गेली, बॅटरी आठ तासांची, आणि नेट तीन तासांत बंद. मग सगळे मिळून बॅटरीवाल्याला शिव्या देतात! तेव्हा विचारायचं ते हे : आत कमीत कमी किती व्होल्ट आले तरी बाहेर पुरे जातात? दोन वेगळे वीजपुरवठे जोडता येतात का? ॲडॅप्टरशिवाय थेट बॅटरीवर चालतो का? भिंतीतल्या प्लगचा ॲडॅप्टर लागणार असेल तर तो ॲडॅप्टर शून्य ते चाळीसवालाच असतो, आणि वर्षभरात आपण पुन्हा मूळ पदावर.

तसंच त्या फायबरच्या मॉड्यूलचं. सोळा हजारांचा स्विच घ्यायचा आणि त्यात सहाशे रुपयांचं, शून्य ते सत्तरवालं मॉड्यूल खोचायचं! पेटीत ६३ असताना बंद मॉड्यूलचं अंग सत्तरच्या पुढे जायला वेळ लागत नाही. उणे ४० ते ८५वालं थोड्या जास्त पैशांत मिळतं. हे मी स्वतः केलेल्या चुकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे.

आयपी ६७ या आकड्याचाही असाच घोळ. त्यातला सहा धुळीचा, सात पाण्याचा. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी जाणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. उन्हाबद्दल तो काहीही सांगत नाही. उलट कडेकोट बंद पेटीत पावसाळ्यातली दमट हवा एकदा अडकली की रात्री आतल्या आत दव पडतं आणि टर्मिनल हिरवी होतात. केबल खालून आत घ्या, आणि पेटीच्या अलीकडे तिला एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळावरून ठिबकेल. बोर्डावर ओलाव्यापासून वाचवणारा लेप आहे का ते विचारा. आणि रेल्वेची प्रमाणपत्रं, वीज उपकेंद्रांची प्रमाणपत्रं, नाना तऱ्हेचे परवाने यांचे पैसे मात्र देऊ नका. टॉवर काही रुळावरून धावत नाही.

आता मूळ संताप. मोबाइल कंपन्यांच्या टॉवरखाली तुम्हाला ऑफिसातला प्लॅस्टिकचा स्विच दिसणार नाही. त्यांना हे गणित माहीत आहे, त्यांनी त्यासाठी बॅटऱ्या, टणक यंत्रं, सगळं कधीच मान्य केलंय. मग ग्रामपंचायत, शाळा, उपकेंद्र म्हटलं की आपला हात लगेच अठराशेच्या डब्याकडे का जातो? कारण "गावाला चालतंय की". गावाने कधी नेट पाहिलंय, आहे त्यातच खूष राहील. मी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. पण सही करताना मनात दुसरं काय होतं?

गाव जोडण्याच्या सरकारी स्वप्नांचीही एक परंपरा आहे. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातलं हरिसाल डिजिटल गाव म्हणून गाजलं, आणि एप्रिल २०१९मध्ये, म्हणजे मामाच्या फोनच्या आदल्याच महिन्यात, तेच गाव निवडणुकीच्या प्रचारसभेत पडद्यावर दाखवून "बघा काय अवस्था आहे" असं विचारलं गेलं. खरं कोणाचं, खोटं कोणाचं, त्यात मी पडत नाही. पण त्या गदारोळात पेटी कोणी उघडून दाखवली नाही, एवढं खरं. गावोगावच्या ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, आणि ऑगस्ट २०२३मध्ये तिच्या सुधारित आराखड्याला सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. या खेपेला त्यात दहा वर्षांची देखभालही धरली आहे. मला पैशाच्या आकड्यापेक्षा हे वाक्य महत्त्वाचं वाटलं. दहा वर्षांची देखभाल ज्याच्या गळ्यात पडते तो अठराशेचा स्विच सहा वेळा बदलत बसणार नाही. अर्थात त्याने उन्हाळे मोजले असतील तरच.

"पण टेंडर सगळ्यात कमी दरालाच द्यावं लागतं हो," हे मी साहेब लोकांकडून इतक्यांदा ऐकलंय! अहो, कमी दर म्हणजे त्या वस्तूचा कमी दर. वस्तू कोणती हे तुम्हीच लिहायचं असतं. "८ पोर्टचा स्विच" एवढंच लिहिलं तर प्लॅस्टिकचा डबा येणारच, तो कायदेशीरच आहे. "पूर्ण भारावर ७० अंशांत चालणारा, पंखा नसलेला, थेट ४८ व्होल्टवर चालणारा, पाच वर्षांची हमी आणि हमीत येण्या-जाण्याचा खर्च धरलेला" असं लिहा आणि मग खुशाल सगळ्यात कमी दर घ्या. शिवाय केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये काढलेल्या सूचनांत काही अटींवर दर्जालाही गुण द्यायची मुभा दिलेली आहे. तेव्हा नियमांच्या मागे लपायला आता तितकीशी जागा नाही. खाजगीत तर नव्हतीच. आमच्यावर कोणतंही टेंडर नव्हतं. आम्ही स्वखुशीने अठराशे निवडले.

बाकी उंद्रीचं सांगायचं तर, २०२२च्या जानेवारीत तिथला स्विच बदलला. पेटीला पांढरा रंग दिला, तोंड फिरवलं, वर पत्रा ठोकला. पत्रा मामांनीच दिला, गोठ्याचा उरलेला होता. त्या मे महिन्यात आत ५१ अंश भरले. तो स्विच अजून आहे. थर्मामीटर मात्र कोणीतरी काढून नेला.

मी ती नोकरी सोडली तेव्हा वीसपैकी नऊ ठिकाणचे स्विच बदलून झाले होते. उरलेल्या अकरांपैकी दोन गावांतून मला अजून फोन येतात. मे महिन्यातच. दुपारी बारा ते पाच सोडून.